वैज्ञानिकांची नैतिक जबाबदारी आणि संशोधनस्वातंत्र्य (वऱ्हाडातील कापूस संशोधन)

वैज्ञानिकांची नैतिक जबाबदारी म्हणजे संशोधन हाती घेताना, त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध करताना आणि ते लोकांच्या वापरात आल्यानंतर त्यांच्या परिणामांची जाणीव ठेवण्याचे वैज्ञानिकावर असलेले कर्तव्य होय. संशोधनस्वातंत्र्य म्हणजे विषय निवडण्याचा, प्रचलित मतांची तपासणी करण्याचा आणि हाती आलेला निष्कर्ष कोणत्याही दडपणाशिवाय मांडण्याचा अधिकार होय. या दोन तत्त्वांच्या परस्परसंबंधाची चर्चा बहुधा अणुबॉम्बच्या संदर्भात होते. महाराष्ट्रात मात्र हा प्रश्न सर्वांत ठळकपणे शेतीच्या क्षेत्रात उभा राहिला. अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे जिल्हे मिळून बनलेल्या वऱ्हाडात २००२ नंतर जनुकीय परिवर्तित (बीटी) कापसाचा प्रसार झाला. त्याच्या चाचण्या, मर्यादा, किडीची प्रतिकारक्षमता, कीटकनाशकांची विषबाधा आणि अनधिकृत बियाण्यांची लागवड यांतून संशोधकाची जबाबदारी कोठे सुरू होते व कोठे संपते, हा वाद पुढे आला. प्रस्तुत लेखात त्या वादाचा परिचय करून दिला आहे.

संकल्पना

संशोधनस्वातंत्र्याचे सामान्यतः तीन भाग मानले जातात : प्रश्न विचारण्याचे स्वातंत्र्य, प्रयोग करण्याचे स्वातंत्र्य आणि निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचे स्वातंत्र्य. यांपैकी पहिल्या व तिसऱ्या भागावर मर्यादा घालण्यास फार थोडी कारणे पुरेशी ठरतात. दुसऱ्या भागाची गोष्ट वेगळी आहे. प्रयोगाचा परिणाम इतरांच्या शरीरावर, शेतावर किंवा परिसरावर होत असेल, तर त्यांची संमती आणि सुरक्षितता यांचा विचार करणे आवश्यक ठरते. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ मध्ये तयार झालेल्या न्यूरेंबर्ग संहितेने मानवावरील प्रयोगांसाठी ऐच्छिक संमतीचे तत्त्व घालून दिले. उघड्या शेतात होणाऱ्या प्रयोगांबाबत इतकी स्पष्ट संहिता नसल्याने तेथील जबाबदारी ठरविणे अधिक अवघड असते.

जबाबदारीचेही दोन स्तर केले जातात. पहिला स्तर विज्ञानांतर्गत सचोटीचा आहे. नोंदी खऱ्या ठेवणे, प्रतिकूल निष्कर्ष न लपविणे, दुसऱ्याचे काम आपले म्हणून न सांगणे यांचा त्यात समावेश होतो. दुसरा स्तर सामाजिक परिणामांचा आहे. संशोधनाचा उपयोग कोण करील, त्याची जोखीम कोणावर पडेल आणि ती जोखीम त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत सांगितली आहे काय, हे प्रश्न या स्तरावर येतात. पहिल्या स्तराविषयी वैज्ञानिकांत एकमत आढळते. वाद प्रामुख्याने दुसऱ्या स्तराविषयी आहे.

जागतिक पार्श्वभूमी

स्वातंत्र्य हिरावले गेल्यास शेतीविज्ञानाचे काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण सोव्हिएत रशियातील आहे. जगभरातून पिकांचे वाण गोळा करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांना १९४० मध्ये अटक झाली आणि १९४३ मध्ये तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला. राजसत्तेच्या पाठिंब्यावर त्रोफिम लिसेंको यांची मते प्रमाण मानली गेली व तेथील आनुवंशिकीशास्त्र कित्येक वर्षे मागे पडले.

जबाबदारीच्या बाजूचे उदाहरण म्हणून जोसेफ रॉटब्लाट यांचे नाव घेतले जाते. जर्मनी अणुबॉम्ब तयार करीत नाही हे स्पष्ट झाल्यावर १९४४ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पाचा त्याग केला. १९५५ च्या रसेल-आइन्स्टाइन जाहीरनाम्यावर त्यांची स्वाक्षरी होती. १९५७ पासून भरलेल्या पगवॉश परिषदांच्या कार्यासाठी त्या संघटनेला आणि रॉटब्लाट यांना १९९५ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात गोव्यात जन्मलेले गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी जागतिक शांतता चळवळीत भाग घेतला आणि अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जेचा मार्ग देशाला अधिक उपयुक्त ठरेल, असे मत मांडले.

जनुकीय अभियांत्रिकीच्या बाबतीत फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे झालेली परिषद महत्त्वाची मानली जाते. जनुकांची जोडणी करण्याचे तंत्र हाती आलेल्या वैज्ञानिकांनी काही प्रयोग स्वतःहून थांबवून सुरक्षिततेचे नियम ठरविले. या परिषदेत चर्चा झाली ती प्रयोगशाळेतील धोक्यांची. बियाणे बाजारात गेल्यावर उद्भवणारे किंमत, कर्ज, कीड व्यवस्थापन यांसारखे प्रश्न तिच्या कक्षेत नव्हते. युनेस्कोने २०१७ मध्ये स्वीकारलेल्या विज्ञान व वैज्ञानिक संशोधकांविषयीच्या शिफारशीत संशोधकांचे स्वातंत्र्य आणि समाजाप्रती असलेले उत्तरदायित्व या दोहोंचा एकत्र उल्लेख आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५१क (ज) नुसार वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. तेथेही वैज्ञानिक दृष्टिकोन आणि मानवतावाद हे शब्द शेजारी शेजारी येतात.

वऱ्हाडातील कापूस आणि संशोधन संस्था

वऱ्हाडची काळी जमीन प्रामुख्याने कोरडवाहू आहे. पावसाच्या भरवशावर घेतली जाणारी कपाशी, म्हणजेच बोलीभाषेतील पऱ्हाटी, हे तेथील मुख्य नगदी पीक. १८५३ मध्ये हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला आणि अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–१८६५) मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस पुरविणारा प्रदेश म्हणून त्याला महत्त्व आले. गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा होता. शेतकऱ्याला मात्र तेथील पावसात तग धरणारा आणि अधिक बोंडे देणारा वाण परवडत होता. तलम धाग्याच्या ‘बनी’ कापसाची जागा हळूहळू जाड व आखूड धाग्याच्या, पण अधिक उत्पन्न देणाऱ्या देशी वाणांनी घेतली. वाण कोणासाठी सुधारायचा, हा प्रश्न वऱ्हाडात अशा रीतीने जनुकीय तंत्रज्ञानाच्या फार आधीपासून आहे.

स्वातंत्र्यानंतर अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे जन्मलेले पंजाबराव देशमुख (१८९८–१९६५) हे १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय कृषिमंत्री होते. त्यांच्या नावाने अकोला येथे २० ऑक्टोबर १९६९ रोजी कृषी विद्यापीठ स्थापन झाले. या विद्यापीठाने विकसित केलेले ‘पीकेव्ही हायब्रीड-२’ आणि ‘पीकेव्ही रजत’ हे कापसाचे वाण विदर्भात मोठ्या प्रमाणावर लावले गेले. महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळाचे (महाबीज) मुख्यालयही अकोल्यातच आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपूर येथे आहे. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या या संस्थांमुळे, आपल्या भागात नव्या बियाण्याची पारख कोणी करावी, या प्रश्नाला वऱ्हाडातील शेतकऱ्यांच्या दृष्टीने ठरावीक उत्तर होते. बीटी कापसाच्या काळात ही स्थिती बदलली.

बीटी कापसाचे आगमन

‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ या मातीतील जिवाणूत बोंडअळीला मारक ठरणारे प्रथिन तयार होते. हे प्रथिन बनविणारे ‘क्राय१एसी’ नावाचे जनुक कपाशीत घालून बीटी कापूस तयार करण्यात आला. केंद्रीय जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने २६ मार्च २००२ रोजी जालन्याच्या महिको कंपनीच्या मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४ या संकरित वाणांना महाराष्ट्रासह मध्य व दक्षिण भारतातील सहा राज्यांत लागवडीसाठी सशर्त परवानगी दिली. २००६ मध्ये दोन जनुके असलेल्या बीजी-२ वाणांना मान्यता मिळाली. काही वर्षांतच देशातील कापसाखालील नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटी कापसाखाली आले.

भारतात हे जनुक जवळजवळ पूर्णपणे संकरित वाणांतून आले, तर इतर बहुतेक कापूस उत्पादक देशांत ते सरळ वाणांतून दिले गेले. संकरित वाणाची सरकी पुढच्या हंगामात पेरता येत नाही. दर वर्षी नवे बियाणे विकत घ्यावे लागते. बहुतेक संकरित वाण अधिक काळ शेतात उभे राहतात आणि त्यांना पाणी व खताची गरज जास्त असते. ओलिताच्या शेतात हे फायद्याचे ठरू शकते. वऱ्हाडातील हलक्या, कोरडवाहू जमिनीत सप्टेंबरनंतर पाऊस ओढला, तर बोंडे भरण्याच्या वेळीच ओल संपते. जनुक कोणत्या झाडात घालायचे, हा निर्णय वरवर तांत्रिक वाटला तरी त्याचे परिणाम आर्थिक होते.

सरकारी नियमांनुसार बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले जात असे. शेताभोवती त्याच्या ओळी लावायच्या. या ओळींवर वाढलेल्या, विषाला बळी पडणाऱ्या किडीचा प्रतिकारक्षम किडीशी संकर व्हावा आणि प्रतिकारक्षमता उशिरा निर्माण व्हावी, हा त्यामागील हेतू होता. लहान शेत असणाऱ्या शेतकऱ्याला या ओळी म्हणजे उत्पन्नातील घट वाटे. त्यामागील कारण त्याला क्वचितच समजावून सांगितले गेले. बहुसंख्य ठिकाणी ते छोटे पाकीट वापरले गेले नाही. वैज्ञानिकदृष्ट्या योग्य असलेला उपाय अशा रीतीने व्यवहारात निष्फळ ठरला. त्याचा दोष केवळ शेतकऱ्यावर टाकता येईल काय, हा या वादातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे.

प्रतिकूल निष्कर्ष मांडण्याचे स्वातंत्र्य

२००३ मध्ये मतीन कैम आणि डेव्हिड झिलबरमन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या लेखात, बीटी कापसाचे उत्पन्न बिगर-बीटी कापसापेक्षा सुमारे ८० टक्के अधिक असल्याचे म्हटले होते. हा निष्कर्ष २००१ मधील कंपनीच्या शेतचाचण्यांच्या माहितीवर आधारलेला होता आणि त्या वर्षी बोंडअळीचा प्रादुर्भाव जास्त होता. त्यामुळे तो सामान्य शेतकऱ्याच्या शेताला लागू होईल काय, अशी टीका झाली. २०१२ मध्ये कैम आणि जोनास काठागे यांनी महाराष्ट्रासह चार राज्यांतील शेतकऱ्यांच्या अनेक वर्षांच्या पाहणीवरून उत्पन्नातील वाढ एकरी २४ टक्के आणि नफ्यातील वाढ ५० टक्के असल्याचे मांडले. पहिल्या व दुसऱ्या आकड्यातील फरक हा चाचणी कोठे, कोणी आणि कोणत्या वर्षी केली याचे महत्त्व दाखवितो.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील केशव क्रांती व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. बीटी प्रथिनाचे प्रमाण झाडाच्या सर्व भागांत सारखे नसते. पानांत ते अधिक, तर बीजाशयात व बोंडाच्या सालीत कमी असते आणि झाडाचे वय वाढते तसे ते घटते, असे त्यात दाखविले होते. अळी ज्या भागाचे सर्वाधिक नुकसान करते, तेथेच संरक्षण कमी असल्याचा हा निष्कर्ष होता. सरकारने मान्यता दिलेल्या वाणांविषयी सरकारी संस्थेतील वैज्ञानिकांनीच तो मांडला. पुढे क्रांती या संस्थेचे संचालक झाले. २०२० मध्ये त्यांनी मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांच्यासह ‘नेचर प्लांट्स’मध्ये बीटी कापसाच्या दीर्घकालीन परिणामांचा आढावा घेतला. देशातील उत्पादनवाढीचे श्रेय प्रामुख्याने खते व इतर घटकांना जाते आणि कीटकनाशकांवरील खर्च पुन्हा वाढला आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. इतर अर्थशास्त्रज्ञांना ते मान्य नाही.

या मतभेदाचा निर्णय कोणत्याही बाजूने लागला, तरी एक गोष्ट स्पष्ट होते. संशोधनस्वातंत्र्याचा उपयोग नवे तंत्र निर्माण करण्यासाठी जेवढा होतो, तेवढाच प्रचलित तंत्राची मर्यादा सांगण्यासाठी होतो. कृषी विद्यापीठांतील व सरकारी संस्थांतील संशोधक सेवानियमांनी बांधलेले असतात. खासगी कंपन्यांचे बियाणे किंवा जनुक वापरून संशोधन करताना कराराच्या अटीही असतात. त्यामुळे प्रतिकूल निष्कर्ष मांडण्याचे स्वातंत्र्य कागदावर असले, तरी व्यवहारात त्याला संस्थेचे पाठबळ लागते.

बिकानेरी नरमा प्रकरण

सरकारी संस्थांनी स्वतःचा बीटी वाण विकसित करावा आणि शेतकऱ्याला त्याची सरकी जपून पुन्हा पेरता यावी, या हेतूने धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ व नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था यांच्या सहभागाने ‘बिकानेरी नरमा बीटी’ हा सरळ वाण पुढे आला. २००८ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि २००९ मध्ये त्याची विक्री झाली. त्याच वर्षी बियाण्याचे उत्पादन थांबविण्यात आले. या वाणात मोन्सँटो कंपनीच्या ‘मोन ५३१’ या जनुकरचनेचे अंश आढळल्याचे पुढे उघड झाले. सुधीर सोपोरी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ मध्ये या प्रकरणाचा अहवाल सादर केला.

पहिल्या दृष्टिक्षेपात हे प्रकरण संशोधनातील सचोटीचे, म्हणजे जबाबदारीच्या पहिल्या स्तरावरचे आहे. त्याचा आघात मात्र दुसऱ्या स्तरावर झाला. दर वर्षी बियाण्यावर खर्च न करता बीटी कापूस घेता येईल, ही कोरडवाहू शेतकऱ्याची आशा त्यामुळे अनेक वर्षे लांबणीवर पडली. प्रयोगशाळेतील नोंदी आणि बियाण्याची शुद्धता यांची काळजी ही निव्वळ तांत्रिक शिस्त नसून शेतकऱ्याप्रती असलेले कर्तव्य आहे, हे या प्रकरणातून दिसते. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने महाबीजच्या सहकार्याने ‘पीकेव्ही हायब्रीड-२’ या आपल्या जुन्या वाणाचे बीजी-२ रूपांतर तयार केले. तो वाण संकरित असल्याने बियाणे जपून ठेवण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही.

गुलाबी बोंडअळी आणि २०१७ ची विषबाधा

गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत राहून सरकी खाते. गुजरातमध्ये तिने क्राय१एसी प्रथिनाविरुद्ध प्रतिकारक्षमता मिळविल्याचे २०१० मध्ये कंपनीनेच जाहीर केले. २०१४-१५ च्या सुमारास बीजी-२ वाणांवरही ती टिकून राहत असल्याचे दिसू लागले आणि २०१७-१८ च्या हंगामात विदर्भात तिचा मोठा उद्रेक झाला. जानेवारीनंतरही पऱ्हाटी शेतात ठेवून आणखी वेचे घेण्याची पद्धत, म्हणजेच फरदड, या किडीला वर्षभर खाद्य पुरविते. म्हणून हंगाम वेळेत संपविणे, डोमकळ्या वेचून नष्ट करणे आणि कामगंध सापळे लावणे, असे उपाय कृषी विद्यापीठ व कृषी विभाग सुचवितात. ज्या शेतकऱ्याचे पहिल्या वेच्यांत कर्ज फिटलेले नसते, त्याला फरदड सोडणे परवडत नाही. शिफारस बरोबर असूनही ती पाळली न जाण्याचे कारण येथेही शेताच्या अर्थकारणात सापडते.

याच २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि त्यांपैकी २० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. अकोला व अमरावती जिल्ह्यांतही विषबाधेच्या घटना घडल्या. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घालण्यात आली. त्या वर्षी झाडे माणसाच्या डोक्यापर्यंत वाढलेली होती. दमट हवा, दोन-तीन औषधांची एकत्र मिश्रणे, बॅटरीवर किंवा इंजिनवर चालणारे जोरदार फवारे आणि संरक्षक साधनांचा अभाव ही कारणे पुढे आली. डब्यावरील सूचना बारीक अक्षरांत असतात. त्या वाचून पाळणे, विदर्भाच्या उकाड्यात हातमोजे-मुखवटा घालून दिवसभर फवारणे, हे रोजंदारीवर काम करणाऱ्या मजुराकडून अपेक्षित धरले गेले होते.

कीटकनाशकाची सुरक्षितता ‘निर्देशानुसार वापरल्यास’ या अटीवर तपासली जाते. ज्या परिस्थितीत ते प्रत्यक्ष वापरले जाणार आहे, तेथे ही अट पाळली जाणे शक्य नसेल आणि हे संशोधकाला व उत्पादकाला आधीपासून माहीत असेल, तर केवळ अट छापून जबाबदारी संपते काय, असा प्रश्न या घटनेने उभा केला. शेतकऱ्याला सल्ला बहुधा कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराकडून मिळतो. विद्यापीठाची शिफारस आणि दुकानातील सल्ला यांतील अंतर ही या साखळीतील दुबळी कडी मानली जाते.

अकोली जहांगीर येथील आंदोलन

संशोधनावरील व तंत्रज्ञानावरील बंधनांची दुसरी बाजू १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात अकोली जहांगीर येथे दिसली. शेतकरी संघटनेच्या पुढाकाराने जमलेल्या शेतकऱ्यांनी मान्यता नसलेल्या तणनाशक-सहनशील (एचटीबीटी) कापसाची जाहीरपणे पेरणी केली. पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ खाली त्या वेळी अशा कृत्याला पाच वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती. काही शेतकऱ्यांवर गुन्हेही दाखल झाले.

या वाणासाठीचा मान्यतेचा अर्ज कंपनीने २०१६ मध्ये मागे घेतला होता. तरीही ‘चोर बीटी’ या नावाने त्याचे बियाणे बाजारात पसरले. निंदणासाठी मजूर मिळत नाहीत, मजुरीचा खर्च परवडत नाही आणि तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवे, अशी आंदोलकांची भूमिका होती. विरोधकांचे आक्षेप तीन होते. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर वाढेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याचा समावेश मानवात कर्करोगास संभाव्यतः कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांत केला आहे. निंदणावर जगणाऱ्या स्त्री-मजुरांचा रोजगार जाईल. पावतीविना मिळणाऱ्या बियाण्यात फसवणूक झाल्यास दाद मागता येणार नाही.

या प्रकरणातून निघणारा निष्कर्ष दोन्ही पक्षांना अडचणीचा आहे. मान्यतेची प्रक्रिया वर्षानुवर्षे अनिर्णित राहिली म्हणून तंत्रज्ञान थांबले नाही. ते वैज्ञानिकांच्या देखरेखीबाहेर गेले. मान्यता न मिळताच ते शेतात पोहोचले आणि त्याच्या परिणामांची पद्धतशीर नोंद ठेवणे कोणाचेच काम राहिले नाही. परवानगी देण्याप्रमाणेच निर्णय लांबविण्याचीही जबाबदारी असते, असे म्हणता येते.

शेतचाचण्यांवरील निर्बंध

बीटी वांग्याच्या प्रश्नावर तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी २०१० च्या आरंभी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. त्यांपैकी एक नागपूर येथे झाली. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी बीटी वांग्याच्या लागवडीला स्थगिती दिली. पुढे जनुकीय परिवर्तित पिकांच्या शेतचाचण्यांसाठी संबंधित राज्याचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक झाले. महाराष्ट्र शासनाने यासाठी अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तांत्रिक तज्ज्ञ समितीच्या बहुसंख्य सदस्यांनी २०१३ मध्ये नियमनातील त्रुटी दूर होईपर्यंत चाचण्या थांबवाव्यात असे सुचविले, तर एका सदस्याने वेगळा अहवाल दिला. जनुकीय परिवर्तित मोहरीसंबंधी २३ जुलै २०२४ रोजी न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाचाही निकाल विभागला गेला.

शेतचाचणी म्हणजे व्यापारी लागवड नव्हे. चाचणीवर बंदी घातल्यास धोका आहे की नाही हे जाणून घेण्याचा मार्गच बंद होतो, असे संशोधक म्हणतात. शेजारच्या शेतात परागकण गेल्यास त्याची भरपाई कोण करणार, याचे उत्तर आधी मिळावे, असे विरोधकांचे म्हणणे आहे. चाचणीची जागा, पीक व निकाल जाहीर ठेवणे आणि त्यांची तपासणी तटस्थ संस्थेकडून करून घेणे, या मुद्द्यांवर दोन्ही बाजूंचे पुष्कळसे एकमत होऊ शकते.

नैसर्गिक शेती आणि पुराव्याचा समान निकष

अमरावती जिल्ह्यातील बेलोरा येथील सुभाष पाळेकर यांनी स्वतःच्या शेतातील प्रयोगांतून मांडलेली नैसर्गिक शेतीची पद्धत देशभर पोहोचली. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री हा किताब मिळाला. २०१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात शून्य खर्चाच्या शेतीचा उल्लेख झाल्यावर राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने या पद्धतीचे दावे वैज्ञानिक चाचणीने सिद्ध झालेले नाहीत, असे मत दिले.

हे उदाहरण प्रस्तुत विषयात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. संशोधन करण्याचा अधिकार केवळ प्रयोगशाळेपुरता मर्यादित नाही. शेतकरीही प्रयोग करतो आणि वाणांची निवड तर त्याने पिढ्यान्‌पिढ्या केली आहे. दुसरे असे की, पुराव्याचा निकष दोन्हीकडे सारखाच लावला पाहिजे. कंपनीच्या चाचणीतील आकड्यांना जी कठोर तपासणी लावायची, तीच नैसर्गिक शेतीच्या दाव्यांनाही लावणे न्याय्य ठरते. कारण दोन्ही दावे चुकीचे निघाल्यास एक हंगाम गमावणारा माणूस एकच असतो.

शेतकरी आत्महत्या आणि कार्यकारणभाव

वऱ्हाडातील शेतकरी आत्महत्यांचे कारण बीटी कापूस आहे, असे अनेकदा म्हटले जाते. विदर्भातील आत्महत्यांकडे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातच, म्हणजे बीटी कापसाच्या मान्यतेपूर्वी, लक्ष वेधले गेले होते. जुलै २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदतयोजना जाहीर केली. सिंचनाचा अभाव, सावकारी व संस्थात्मक कर्ज, बाजारभावातील चढउतार आणि पावसाची अनिश्चितता ही कारणे परस्परांत गुंतलेली आहेत. एका बियाण्यावर सारा दोष ठेवणे अभ्यासाला धरून नाही. तसेच, आत्महत्यांचे एकमेव कारण बियाणे नाही एवढ्यावरून त्याने जोखीम वाढविली नाही, असेही सिद्ध होत नाही. महाग बियाणे कोरड्या वर्षात वाया गेले, तर कर्जाचा बोजा वाढतो. अशा विषयात अर्धे सत्य न सांगणे हे वैज्ञानिकाचे कर्तव्य ठरते.

जबाबदारीचे वाटप

वैज्ञानिकाला आपल्या संशोधनाच्या प्रत्येक परिणामासाठी जबाबदार धरणे व्यवहार्य नाही. बियाण्याची किंमत, पीककर्ज, हमीभाव हे निर्णय शासन व बाजार घेतात. बियाणे व कीटकनाशके विकणाऱ्या कंपन्यांची कायदेशीर जबाबदारी वेगळी आहे. पीक वाण व शेतकरी हक्क संरक्षण अधिनियम, २००१ मध्ये शेतकऱ्याचा बियाणे जपण्याचा हक्क आणि नोंदणीकृत वाण सांगितल्याप्रमाणे न उतरल्यास भरपाई मागण्याची तरतूद आहे. वऱ्हाडातील अनुभवावरून संशोधकाच्या वाट्याला येणारी कर्तव्ये पुढीलप्रमाणे सांगता येतात :

१. ज्या जमिनीत व पावसात पीक घेतले जाणार आहे, तेथेच चाचणी करणे. ओलिताखालील निकालावरून कोरडवाहू शेतकऱ्याला सल्ला न देणे.
२. तंत्राची मर्यादा फायद्याइतक्याच ठळकपणे आणि मराठीत, शेतकऱ्याच्या शब्दांत सांगणे.
३. संशोधनासाठी पैसा कोठून आला, हे जाहीर करणे.
४. प्रसारानंतरही पाठपुरावा करणे. किडीची प्रतिकारक्षमता दहा वर्षांनी निर्माण झाली, तरी ती त्याच संशोधनाचा भाग आहे.
५. प्रतिकूल निष्कर्ष वेळेवर प्रसिद्ध करणे आणि तसे करणाऱ्या सहकाऱ्याच्या पाठीशी उभे राहणे.

यांतील पाचव्या कर्तव्याला स्वातंत्र्याची गरज सर्वाधिक आहे. ज्या संशोधकाला बोलण्याची मोकळीक नाही, त्याच्याकडून जबाबदारीची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. या अर्थाने संशोधनस्वातंत्र्य ही वैज्ञानिकाला मिळालेली सवलत नसून, शेतकऱ्याला खरी माहिती मिळण्याची ती अट आहे.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठात दर वर्षी भरणारी शिवारफेरी या दृष्टीने उल्लेखनीय आहे. शेतकरी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर येऊन वाण व प्रयोग प्रत्यक्ष पाहतात आणि संशोधकांना प्रश्न विचारतात. राज्यातील चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन परिषदेत नव्या शिफारशींची छाननी होते. नागपूरच्या संस्थेने सरळ वाणांच्या सघन लागवडीचे प्रयोग विदर्भात शेतकऱ्यांच्या शेतांवर घेतले. त्यांत अकोल्याच्या विद्यापीठाचा ‘पीकेव्ही ०८१’ हा लवकर येणारा वाणही वापरला गेला. सप्टेंबरनंतर ओल संपणाऱ्या जमिनीसाठी कमी दिवसांचा वाण, हा संशोधनाचा प्रश्न शेताकडे पाहूनच निघालेला आहे.

हेसुद्धा पहा

बीटी कापूस
गुलाबी बोंडअळी
डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ
केंद्रीय कापूस संशोधन संस्था, नागपूर
शेतकरी संघटना
वैज्ञानिक दृष्टिकोन
पगवॉश परिषद